सासूबाईंची पोर्तोतली तारली

पोर्तुगालला जायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते न्यूअर्कच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईनं. ती मूळची पोर्तो शहराची. न्यूअर्कला स्टेशनच्या मागे पोर्तुगीज लोकांची मोठी वस्ती आहे. दर शुक्रवारी ती मला तिथल्या एका खानावळीत न्यायची आणि माझं पोट भरत आलं की सांगायची, हे काहीच नाही, खरं जेवण पोर्तोला. नदीकाठचं जुनं शहर, पलीकडच्या काठावर वाइनची तळघरं, आणि ट्राममध्ये बसलं की थेट समुद्र. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ असेल. आम्ही अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाली होती आणि आमची प्रत्येक मोठी सुट्टी भारतात जाण्यात संपायची. नातेवाइकांसाठी बॅगा भरायच्या, परत येताना लोणच्याच्या तेलानं माखलेले कपडे धुवायचे. मला एकदा तरी कुणाच्याही घरी न उतरता हॉटेलात उतरायचं होतं. चांगलंचुंगलं खायचं, थोडी वाइन प्यायची आणि वाळूत पाय पसरून पडायचं, एवढंच माझं मागणं होतं.

नवरा तयार झाला. मुलगी समर कॅम्पला जाणार होती, म्हणजे फक्त आम्ही दोघं. मी मनातल्या मनात हॉटेलच्या बाल्कनीत जाऊनसुद्धा बसले होते. तेवढ्यात त्यानं विचारलं, आईचं काय करायचं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वेंगुर्ल्याचं घर बंद करून त्या पार्सिपनीला आमच्याकडे राहायला आल्या होत्या. नवरा एकुलता एक, त्यामुळे तिकडे त्यांना बघणारं कोणी नव्हतं. आल्या तेव्हा ठणठणीत होत्या. मग हळूहळू घटायला लागल्या. ब्लाउज आतून शिवून घेतले, ते पुन्हा सैल झाले. हातातली सोन्याची बांगडी कोपरापर्यंत वर जायची आणि हात खाली केला की गळून पडेल असं वाटायचं. आमच्या ओळखीचे एक नागपूरचे डॉक्टर, मुलगी त्यांना काका म्हणायची, त्यांनी सगळ्या टेस्ट करून घेतल्या. आजार काही निघाला नाही. एकदा आमच्याकडे आले असताना त्यांनी आम्हा दोघांना गॅरेजमध्ये बाजूला घेऊन सांगितलं, की म्हातारी जेवतच नाही, नुसत्या वरणाच्या पाण्यावर माणूस किती काढणार, अशाच घटत गेल्या तर येणारा हिवाळा त्यांना निघायचा नाही.

सासूबाई अंड्याला हात लावत नसत. आणि मासे त्यांनी सोडले होते. माझं सासर सारस्वतांचं, समुद्रकाठचं. मासा नसला तर त्या घरात जेवणाला जेवण म्हणत नाहीत. मी पुण्याची, शाकाहारी घरातली. डोकं असलेला मासा पहिल्यांदा ताटात पाहिला तेव्हा तो माझ्याकडे बघतोय असं वाटून मी उठून गेले होते. पुढे अमेरिकेत मी खायला शिकले आणि सासूबाई आल्यावर रांधायलाही शिकले. त्या गॅसपाशी उभ्या राहून नुसत्या वासावरून सांगायच्या, मीठ कमी आहे, कोकम अजून दोन घाल. पण जिभेला कधी लावायच्या नाहीत. सासरे गेले त्याला आठ वर्षं झाली होती आणि त्या दिवसापासून त्यांनी मासा वर्ज्य केला, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्यासाठी मी वेगळं वरण करायची, वेगळ्या पातेल्यात, आणि त्यांचा डावसुद्धा वेगळा ठेवलेला होता. ऑफिसातून आल्यावर दोन-दोन स्वयंपाक करताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, पण आपण एका बाईचं व्रत सांभाळतोय याचा अभिमानही वाटायचा.

नवऱ्याला तर त्याचा फारच अभिमान. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी सासूबाईंपुढे तळलेल्या सुरमईचा ट्रे धरला की त्यांनी तोंड उघडायच्या आत हा सांगायचा, आई घेत नाही, बाबा गेले त्या दिवसापासून तिनं मासा सोडला. ते ऐकून बायका देवळात बघावं तसं सासूबाईंकडे बघायच्या. एक काकू तर डोळेच पुसायच्या. सासूबाई खाली मान घालून आपल्या प्लेटमधली कोशिंबीर चमच्यानं इकडून तिकडे करत बसायच्या. मला वाटायचं, बाई किती विनयशील आहे.

तर आईचं काय करायचं. त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. गाडी येत नाही, फोन वाजला की त्या तिथून उठून दुसऱ्या खोलीत जात. नवरा म्हणाला, हवापालट होईल, समुद्र बघून जरा जेवेल तरी. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. हनिमूनला महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हाही याचे दोन मामेभाऊ बरोबर होते, तेही माझं काढून झालं. शेवटी तिसरं तिकीट काढलं, सासूबाईंचा व्हिसा केला आणि बॅगेत विजेची शेगडी, एक लहान कुकर, मुगाची डाळ, तांदूळ आणि मेतकूट भरलं. पोर्तोला वाइन प्यायला निघालेली आणि बॅगेत मुगाची डाळ घेतलेली मी पहिलीच बाई असेन.

पोर्तो बघून पहिला धक्का मला बसला. माझ्या डोक्यातला युरोप म्हणजे कॅलेंडरवरचा, घासूनपुसून ठेवलेला. इथे भिंतींचे पोपडे निघालेले, गल्लीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत धुणं वाळत घातलेलं, वरच्या मजल्यावरची बाई खालच्या बाईशी ओरडून बोलतेय आणि सगळीकडे माशाचा वास. चर्चच्या अख्ख्या भिंती निळ्या-पांढऱ्या फरश्यांनी मढवलेल्या, आणि त्यांच्या पायाशी कोबीच्या टोपल्या. मला फसवल्यासारखं झालं. यासाठी का मी एवढा खटाटोप केला, असं मी नवऱ्याला म्हणणार होते, पण सासूबाई रस्त्याच्या मध्येच उभ्या राहून वास घेत होत्या.

"हे आपल्यासारखंच आहे गं," त्या म्हणाल्या.

दुसरा धक्का म्हणजे त्या चालायला लागल्या. पार्सिपनीला टपालपेटीपर्यंत जाऊन आल्या तरी त्यांना खुर्ची लागायची. इथे नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या त्या भिंतीला हात लावत लावत एकट्या उतरल्या. वाटेत दाराच्या उंबऱ्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. इतक्या सगळ्या काळ्या कपड्यांतल्या बायका बघून त्यांनी मला विचारलं, या कोण. मला ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलेलं होतं, तेच मी त्यांना सांगितलं. नवरा गेला की इकडे बाई काळे कपडे घालते आणि पुष्कळजणी ते मरेपर्यंत उतरवत नाहीत.

 सासूबाईंनी विचारलं, मासे खातात का. मला हसू आलं. म्हटलं, खातात म्हणजे काय, इथे दुसरं आहे काय खायला.

पूल ओलांडून आम्ही वाइनची तळघरं बघायला गेलो तेव्हा त्या आत आल्या नाहीत. नदीकाठच्या बाकावर चिवड्याची पिशवी घेऊन बसल्या. आत गारेगार अंधार होता आणि आमच्या घरातल्या दिवाणखान्याएवढी एकेक पिंपं. ती गोड, दाट, लाल वाइन मी तहान लागल्यासारखी प्यायले. बाहेर आले तेव्हा मला गरगरत होतं आणि सगळं जग फार छान वाटत होतं. सासूबाईंशेजारी एक काळ्या कपड्यांतली बाई येऊन बसली होती. ती त्यांच्या पदराचा पोत बोटांनी बघत होती आणि चिवडा खात होती. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. त्या रात्री हॉटेलात मी खोलीतल्या प्लगवर शेगडी लावून मुगाची खिचडी केली. सासूबाईंनी तीन घास खाल्ले आणि झालं म्हणाल्या. नवरा माझ्याकडे बघत राहिला. हवापालट होऊनही जेवण काही वाढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रामनं आम्ही समुद्रावर गेलो. शहर संपतं तिथे कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी शेगड्या मांडून त्यावर तारल्या भाजत होते. आपल्याकडच्याच तारल्या, जरा मोठ्या. मसाला नाही, हळद नाही, नुसतं जाडं मीठ लावायचं आणि निखाऱ्यावर टाकायच्या. चरबी टपकून धूर होत होता आणि त्या धुरात लोक लांब बाकांवर बसून जेवत होते. आम्हीही बसलो. सासूबाईंचा वरणभाताचा डबा मी बरोबर घेतलेला होता, तो काढून त्यांच्यापुढे ठेवला.

खानावळीची मालकीण सत्तरीची असेल. काळा झगा, काळा रुमाल, बाह्या वर सारलेल्या. ती तारल्यांचं मोठं ताट घेऊन आली आणि आमच्यात वडीलधारी कोण ते बघून सरळ सासूबाईंकडे गेली. नवरा घाईघाईनं इंग्रजीत म्हणाला की आई फिश खात नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं. सासूबाई नको नको म्हणाल्या आणि त्यांनी पानावर आडवा हात धरला, आपल्याकडे पंगतीत धरतात तसा. त्या बाईनं काय करावं? तिनं सासूबाईंचं मनगट धरलं, हात बाजूला केला, त्यांच्या प्लेटमध्ये पावाचा जाड तुकडा ठेवला आणि त्यावर एक तारली ठेवली. मग कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

मी प्लेट उचलायला हात पुढे केला. मला एवढंच वाटत होतं की यांचं व्रत मोडायच्या आत ती प्लेट लांब केली पाहिजे.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "पानात पडलंय आता."

आणि त्यांनी खाल्लं. मी आणि नवरा काट्या-सुरीनं तारलीची चाळण करत होतो. सासूबाईंनी अंगठ्यानं पाठीवरून एक रेघ ओढली, मासा दोन बाजूंना उघडला आणि मधला सगळा काटा शेपटीसकट एकदम उचलून बाजूला ठेवला. मग पावाबरोबर एकेक घास, सावकाश. शेवटी डोकं चोखलं. त्यांच्या चेहऱ्यावर ना अपराधीपणा होता ना आनंद. भूक लागलेलं माणूस जेवतं तशा त्या जेवत होत्या. मालकिणीनं दुसरी तारली पुढे केली. सासूबाईंनी पुन्हा हात आडवा धरला, या वेळी जरा बाजूनंच. तिनं ती तारली बोटांच्या फटीतून वाढली. सासूबाईंनी तीही खाल्ली. वरणभाताच्या डब्याचं झाकण कोणी उघडलंच नाही.

 खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला भीतीच वाटली. आठ वर्षांनी मासा पोटात गेला तर काही होणार नाही ना. मग नवऱ्याकडे बघितलं आणि ती भीती विसरले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं काटा-सुरी खाली ठेवली आणि बाकावरून उठून तो समुद्राच्या दिशेनं निघून गेला. त्याच्या प्लेटमधली तारली तशीच राहिली.

सासूबाईंनी लिंबाच्या फोडीनं बोटं पुसली आणि मला विचारलं, तो रागावला का. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही त्याच्या मागे निघालो. 

तो वाळूत बसला होता, बूटमोजे न काढता. सासूबाई त्याच्या शेजारी मोठ्या कष्टानं खाली बसल्या. मी मागे उभी होते. त्यांच्या जवळ बसायचा मला हक्क नाही असं वाटत होतं आणि लांब जायचंही नव्हतं. तो समुद्राकडे बघतच बोलायला लागला. म्हणाला, बाबांसाठी तू एवढी वर्षं पाळलंस, मी सगळ्यांना सांगायचो, मला तेवढाच आधार वाटायचा की माझ्या आईबापांचं असं होतं. मग आज त्या परक्या बाईनं वाढलं म्हणून सगळं संपलं का.

"मी काही पाळलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. सासरे होते तोवर त्या सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसायच्या. सासरे पानावरून उठायच्या आधी कालवणातला एक चांगला तुकडा काढून सासूबाईंच्या पानात ठेवायचे आणि वर वाटी झाकायचे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून ते हे करत होते. भांड्यातून स्वतःच्या हातानं मासा काढून घ्यायची वेळच सासूबाईंवर कधी आली नाही, आणि तशी त्या घरातल्या बायकांची रीतही नव्हती. सासरे गेले. तेरावा झाला. मुलगा अमेरिकेहून आलेला, त्याला आवडतं म्हणून त्यांनी स्वतः बांगड्यांचं कालवण केलं. सगळे जेवून उठले. त्या जेवायला बसल्या आणि पानात कोणी काही ठेवलं नाही. शेजारी बसलेली नणंद कौतुकानं म्हणाली, वहिनीनं सोडलं वाटतं. दुसऱ्या दिवशी तसंच. मुलगा परत जायच्या आत अख्ख्या आळीला कळलं होतं की यांनी मासा सोडला. मासेवाली त्यांच्या दारावरून न हाक मारता पुढे जायला लागली. लोक इतकं चांगलं बोलत होते, मग मी काय भांड्यात हात घालून खाणार होते का, असं त्या म्हणाल्या.

नवरा ताडकन त्यांच्याकडे वळला.

"मी विचारलं होतं तुला. मला चांगलं आठवतंय. आई, तू घेतेस का, असं विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "एकदाच विचारलंस."

मी खाली बसले.  आम्ही कुठल्या लोकांतली माणसं आहोत? आमच्यात पहिल्यांदा विचारल्यावर कोणी चहासुद्धा हो म्हणत नाही. नको म्हणायचं, मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं, हे आमच्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. मंडळातल्या प्रत्येक घरी याला जिलबी नको नको म्हणताना तिसऱ्यांदा वाढलेली मी पाहिली होती. आणि त्या घरात, नवरा नुकताच गेलेल्या बाईला, तिच्या स्वतःच्या मुलानं एकदा विचारलं आणि उत्तर मिळालं म्हणून प्रश्न मिटवून टाकला. त्यानंतर तिचं कौतुकच एवढं झालं की दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तिचा अपमान झाला असता. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. मी तर वेगळा डाव ठेवून बसले होते. आणि ती बाई आमच्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि आम्ही रक्त तपासत होतो. मला रडू आलं नाही, मला संताप आला. कुणाचा ते तेव्हा कळत नव्हतं.

 परतताना ट्राममध्ये नवरा आईच्या शेजारी बसला, पण तिच्याकडे बघायचं टाळत होता. रात्री मी कुकर बाहेर काढलाच नाही.

सासूबाईंनी पुढे किती हिवाळे आमच्याबरोबर काढले आणि पार्सिपनीच्या त्या स्वयंपाकघरात मला चव घेऊन घेऊन किती टोकलं, ते सगळं नंतरचं. तेव्हा आमच्यापुढे फक्त दुसऱ्या दिवशीचं जेवण होतं. नवरा सकाळी उठल्यावर म्हणाला, तिथेच जाऊ. आम्ही पुन्हा ट्रामनं त्या रस्त्यावर गेलो, त्याच बाकावर बसलो. मालकीण ताट घेऊन आली. नवऱ्यानं उठून तिच्या हातातून ताट घेतलं. तिला काय समजलं कोण जाणे, ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

त्यानं चिमट्यात एक तारली धरली आणि आईच्या प्लेटवर आणली. "आई, घेतेस?" म्हणाला.

"नको," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पानावर हात धरला.

तो थांबला. खरंच थांबला. चिमटा तसाच हवेत. माझ्याकडे त्यानं असं बघितलं, जणू आता यात करण्यासारखं काही उरलं नाही. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काल एवढं सगळं ऐकलेला माणूस आज पुन्हा त्याच जागी येऊन उभा होता. सासूबाईंसमोर मी त्याला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"अरे, परत विचार," मी म्हटलं.

 तारलीचं तेल टेबलावरच्या कागदावर टपकत होतं. "आई, घे ना," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला.

सासूबाईंनी पानावरचा हात जरासा बाजूला घेतला.

"अर्धी दे," त्या म्हणाल्या.

त्यानं अख्खी वाढली.